दादासाठी दोन कोअर की चार

४ मार्च, मंगळवार

दादाचा लॅपटॉप गेला. पडदा आधी निळा झाला, मग काळा, मग काहीच नाही. म्हणजे दादाचा आवाज गेला — दुसऱ्यांदा!

पहिल्यांदा गेला तो आजाराने. एकेक स्नायू निकामी होत गेला, डोकं मात्र लख्ख. आता डोळे सोडले तर फक्त उजवा गाल हलतो. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जातात, हवं ते आलं की तो गालाने बटण दाबतो. वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलतो. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. जिन्यात भेटेल त्याला तासभर उभं करून ठेवायचा. आणि आता हे.

वहिनीने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिलीत. ती बोट फिरवते, गाल हलला की थांबते.

६ मार्च, गुरुवार

वहिनीला शब्द पुरा होईपर्यंत दम निघत नाही. ‘पा’ आलं की लगेच "पाणी?" दादाचा गाल गप्प. तरी चमचा तोंडाशी! शेवटी कळलं, पाय. चादरीत पाय मुडपला होता. अर्धा तास.

मी म्हटलं, "वहिनी, पुढचं अक्षर येऊ तरी दे."

"तुम्ही प्रयोगशाळेत जाता वन्सं, मी दिवसभर इथे असते," ती म्हणाली.

खरं आहे. म्हणूनच जास्त लागलं.

७ मार्च, शुक्रवार

कामावरून परस्पर कॉम्प्युटरच्या दुकानात. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावतो. मी मनात त्याला भिंगवाला म्हणते. लॅपटॉप उघडून म्हणाला, "याचं आता तेरावं घाला."

नवा परवडायचा नाही. त्याच्याकडे जुने दोन आहेत. दोन्हींचे प्रोसेसर दहा-अकरा वर्षांपूर्वीचे, तेव्हाचेही स्वस्तातलेच. एक जाडजूड लॅपटॉप, नुसता डबा — दोन कोअरचा, पण वेग तीन गिगाहर्ट्झच्या वर. दुसरा वहीएवढा चपटा — चार कोअरचा, पण प्रत्येक कोअर जेमतेम दीड-दोनवर. पंखा नाही, आवाज नाही, वीज कमी खातो. किंमत जवळपास सारखीच.

"डोळे झाकून चारवाला घ्या," भिंगवाला म्हणाला. "दोन डोक्यांपेक्षा चार डोकी बरी."

नेटवर पाहिलं. एकूण गुणांत चारवालाच थोडा पुढे. पण मी पाण्याचे नमुने तपासणारी बाई. दुसऱ्याचे आकडे उचलायची सवय नाही. दोन्ही आठ दिवस घरी मागितले. कुरकुरत हो म्हणाला, पण साफसूफ करून येत्या गुरुवारी देणार.

९ मार्च, रविवार

दादाला विचारलं, चार की दोन? पुठ्ठ्यावर उत्तर द्यायला वीस मिनिटं लागली. ‘लिफ्ट चार’ इथवर आलं तर वहिनी म्हणे, "लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटतंय का हो?" दादाने डोळे मिटून घेतले. पुढचं मी फिरवलं —

‘लिफ्ट चार असल्या तरी माणूस एकीतूनच वर जातो.’

वा रे मिस्त्री! म्हणजे त्याचा बोलण्याचा प्रोग्रॅम जुना आहे, एकाच कोअरवर चालतो. बाकीचे तीन नुसते उभे राहणार. पण खरंच तसं आहे का, हे मोजल्याशिवाय नाही.

११ मार्च, मंगळवार

आज घरी आले तर सगळं होऊन गेलं होतं.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. दादाचा श्वास आणखी उतरलाय. पुढे गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावायचं की नाही, ते आताच ठरवा म्हणाल्या. लावलं तर वर्षं काढता येतील. नाही तर काही महिने, कदाचित तेवढेही नाहीत. आणि वहिनीने कागदावर लिहून दिलं — नको. खाली दादाचा अंगठा. अंगठा तिनेच धरून टेकवलेला.

"यांनीच सांगितलं," ती म्हणाली. "न, को. मी फक्त वाचलं."

"पाय म्हणाला तर पाणी वाचतेस तू!"

तिने पुठ्ठा उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

मग मी ते बोलले. लिहायला हात धजत नाही, पण इथे नाही तर कुठे लिहू? मी म्हटलं, "तुला सुटका हवी आहे."

दादा तिथेच होता. सगळं ऐकत होता.

१२ मार्च, बुधवार

वहिनी माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते.

मी रजा टाकली. दादाने स्वतःच्या गालाने, मध्ये कुणाचं बोट नसताना बोललं पाहिजे.

१४ मार्च, शुक्रवार

दोन्ही डब्यांत रॅम सारखी घातली. डिस्क एकच, या डब्यातून त्या डब्यात हलवली. नाहीतर तुलना कसली! वाक्य एकच — ‘खिडकी उघडा, ऊन येऊ द्या.’ एका दिवसात एकच डबा, तीन वेळा. मध्ये दादाला विश्रांती.

आज चारवाला. पहिल्या दोन वेळांची सरासरी पाच मिनिटं. अक्षरं सरकताना मध्येच अडखळतात. प्रोग्रॅम पुढचा शब्द सुचवायला लागला की पडदा गोठतो, गाल दाबलेला उशिरा पोचतो, आणि निवडलं जातं पुढचंच अक्षर. ‘खिडकी’चं ‘गिडकी’ झालं. खोडा, परत लिहा. तिसऱ्या वेळी दादाचा गाल थरथरायला लागला. मी थांबवलं.

त्याची बाजूही लिहायला हवी. एकीकडे सिनेमा, दुसरीकडे चार कामं उघडली तरी हा कुरकुरत नाही. वीज गेल्यावर बॅटरीवर दीड तास चालला. दुसऱ्या कुणासाठी मी हाच घेतला असता.

१५ मार्च, शनिवार

दोनवाला. तीन मिनिटं दहा सेकंद. तीन मिनिटं. दोन पन्नास! एकही अक्षर चुकलं नाही. अक्षरांचा वेग वाढवला तरी अडखळला नाही.

पण घुरघुरतो केवढा! खोली तापते. आणि बॅटरीवर पंचवीस मिनिटं, की संपला. वीज गेली की दादा मुका.

त्याला विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? ‘मोटर चालू आहे हे कळतं. बरं वाटतं.’

दोनवालाच. ठरलं. पण विचारायचं होतं ते आज विचारलं नाही. तो दमला होता म्हणून, असं म्हणू का? मी भ्याले.

१८ मार्च, मंगळवार

वहिनी आंघोळीला गेली तेव्हा विचारलं. "दादा, तो कागद... तू म्हणाला होतास?"

अक्षरं सरकत राहिली. मी पडद्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघत उभी राहिले. बऱ्याच वेळाने डब्याचा तो सपाट आवाज आला —

"नको मीच म्हटलं. तिने तीनदा विचारलं. तिला बोलू नकोस."

वहिनी दारात उभी होती. ओले केस, खांद्यावर टॉवेल.

१९ मार्च, बुधवार

वहिनीची माफी मागितली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बराच वेळ घालत राहिली. मग म्हणाली, "न वर बोट थांबलं तेव्हाच मला कळलं. वाटलं, मुद्दाम चुकीचं वाचावं. ‘नक्की’ म्हणावं, नाहीतर ‘नंतर’ म्हणावं. कोण विचारणार होतं मला? पण नाही वाचलं. यांचं शेवटचं एवढं तरी बरोबर वाचावं, म्हटलं."

आणि मी तिला काय म्हटलं होतं!

मी खाली बसले आणि उशांच्या खोळी घड्या घालायला घेतल्या. माझ्या घड्या वाकड्या होतात. तिने त्या परत घातल्या.

२१ मार्च, शुक्रवार

चारवाला परत केला. भिंगवाल्याला आकडे दाखवले. चष्मा कपाळावर चढवून वाचले, म्हणाला, "मी सगळ्यांना चारवालाच गळ्यात मारतो." दोनवाल्यासाठी एक वापरलेली मोठी बॅटरी दिली. आता तासभर तरी वीज पुरेल.

घरी दादाचं तोंड सुटलंय. भाजीत मीठ नाही, पडदा डावीकडे वाकडा आहे, शेजाऱ्याचा रेडिओ बेसूर आहे. वहिनी म्हणाली, "झाली का कटकट सुरू?" आणि पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला की कशाला, मी बघितलं नाही.

रात्री श्वास मोजला. परवापेक्षा उथळ.

२३ मार्च, रविवार

सकाळी वहिनी त्याची दाढी करत होती. अर्धा गाल झाला होता. दादाने गाल हलवून तिला थांबवलं. सहा मिनिटं अक्षरं निवडत होता. मग डबा बोलला —

"मुका राहून जगायचं नव्हतं, म्हणून नको म्हटलं. कागद परत आणा. यंत्र लावा."

वहिनीचा वस्तरा हवेतच. म्हणाली, "पुन्हा म्हणा."

त्याने पुन्हा म्हटलं.