चाळीस इरली

शिलाँग, मंगळवार

आई, खुब्लेई!

मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा भात जेवते. डोकं मात्र तुझ्या भावाने उठवलंय.

शनिवारी आमचा उघड्या मैदानावरचा पहिला जलसा. पावसाचा नेम नाही, म्हणून कोर्डोर मामाने गावाहून चाळीस इरली आणली. काल तालमीतच पाऊस आला. तालीम बघायला आलेल्या, पुढच्या रांगेतल्या मावश्यांनी इरली चढवली आणि माना खाली घातल्या. झालं! मागच्यांना स्टेज दिसेना आणि मला स्टेजवरून नुसत्या टोपल्याच टोपल्या!

म्हटलं, "मामा, इरलीवाल्यांना मागे बसवू."

"थोरामोठ्यांना मागे? आईने हेच शिकवलं का?"

"मग पुढच्यांची इरली काढून मागच्या पोरांना देऊ."

"म्हणजे म्हाताऱ्या भिजू देत आणि पोरं कोरडी?"

आता बोल! तासभर हेच चाललं होतं. शेवटी मीच हात टेकले.

तुझा गुडघा कसा आहे? मी चर्चमधलं गाणं सोडलं म्हणून अजून रुसलीयस, ठाऊक आहे. तरी शनिवारी ये. मामा तुला पहिल्याच रांगेत बसवेल, इरलंही देईल. फक्त माझ्या एका गाण्यापुरतं ते उतरव. भिजशील थोडी, पण मला तुझा चेहरा दिसेल.

तुझी धाकटी,
इबानरी