परळच्या बंगल्यावरून आणलेला नेचा

अण्णा,

परळच्या त्या बंगल्यात मी गेल्या महिन्यात पुन्हा जाऊन आले. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून आधी जाऊन आले आणि आता सांगते आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली तरी माझी ही सवय काही गेलेली नाही.

आता तो बंगला लोकांना बघायला उघडा ठेवतात, रविवारी सकाळी. एक हसऱ्या चेहऱ्याची मुलगी सगळ्यांना घेऊन फिरते. मुंबई कोटाच्या आत होती तेव्हा साहेबलोक हवा बदलायला इथे येऊन राहत, तेव्हा परळ म्हणजे गावाबाहेरची वाडी होती, गच्चीवरून थेट शिवडीची खाडी दिसायची, असं ती सांगत होती. बरोबरची माणसं माना वर करून छताची नक्षी बघत होती. मग ती आम्हाला मागच्या बागेत घेऊन गेली. तळं तसंच आहे, पाणी नाही. तळ्यापलीकडे लाकडी पट्ट्यांचं छप्पर असलेली ती अंधारी खोली आहे, नेचे ठेवायची. "या ना आत, इथे फार गार वाटतं," ती मला म्हणाली. सगळे आत गेले. मी बाहेर उभी राहिले. तिला वाटलं असेल, बाईंचे गुडघे दुखत असतील.

त्या वर्षी मी सहावीत होते. तुमच्या कंपनीच्या मालकांनी लढाईनंतर तो बंगला घेतला होता आणि ते दर हिवाळ्यात, फुलं फुलली की, हेडऑफिसातल्या कारकुनांना एका रविवारी दुपारी कुटुंबासह बाग बघायला बोलवायचे. पण त्या हिवाळ्यात गिरगावात रोज काहीतरी होत होतं. नाक्यावर दगडांचा सडा असायचा, दुकानं अर्ध्या फळ्या लावून बसायची, आमच्या शाळेच्या बाई धडा मध्येच थांबवून खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दिवस काय चाललेत आणि तुम्ही बागा काय बघायला निघालात? नाही गेलं तर काय होईल?" तुम्ही आरशासमोर कोटाची बटणं लावत होता. "गेलो तर काही होणार नाही," तुम्ही म्हणालात. "नाही गेलो तर ते दिसेल." डोकं दुखतंय म्हणून आई घरीच राहिली.

शेजारच्या खोलीतला दादाही येणार नव्हता. तो तुमच्याच ऑफिसात टायपिस्ट होता, तुम्हीच त्याला चिकटवलं होतं. मालवणहून त्याची आई त्याला घेऊन आली तेव्हा तो माझ्याएवढा होता म्हणे. मला गणित शिकवायचा, चिंचा आणून द्यायचा, आणि त्या दिवसांत त्याने मला एक मोठं काम दिलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची पत्रकं मी दप्तरातून नेऊन चाळीचाळीतून दाराखाली सरकवायची. "कोणाक सांगू नको हां," तो म्हणायचा. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. पण तुम्हाला ठाऊक होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

बंगल्याच्या फाटकातून आपण आत गेलो आणि पहारेकऱ्याने मागून कुलूप लावलं. दरवर्षी ते फाटक उघडं असायचं. तुम्ही एकदा मागे वळून बघितलंत आणि माझा हात जरा घट्ट धरलात. आत सगळं नेहमीसारखं होतं आणि नव्हतंही. गुलाब फुलले होते, पण गिरण्यांची काजळी पानांवर बसलेली आणि दोन माळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसत बसलेले. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कारकून आणि त्यांच्या बायका रांगेने वाटेवरून चालत होत्या, हिरवळीवर कुणाचा पाय पडत नव्हता. आमराईत कुठेतरी मोर ओरडला की सगळे दचकत आणि मग हसत. व्हरांड्यात मॅनेजरसाहेब उभे होते, पांढरे केस, छान शुद्ध मराठी. त्यांच्यामागे खुर्चीत एक माणूस बसला होता. त्याला आपल्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं. तो सरबत पीत नव्हता, फुलं बघत नव्हता.

साहेबांनी तुम्हाला विचारलं, "तुमचे शेजारी दिसत नाहीत ते? आपले टायपिस्ट?"

"त्याच्या आईला बरं नाही," तुम्ही म्हणालात.

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि खुर्चीतल्या माणसाने मान वर केली.

नंतर तुम्हाला कुणीतरी फोटोसाठी बोलावलं आणि मी तळ्याशी एकटी मासे बघत राहिले. साहेब माझ्याजवळ आले. माझ्याशी कुणी मोठं माणूस इतकं अदबीने कधी बोललं नव्हतं. शाळा कोणती, अक्षर कसं आहे, निबंधात किती मिळाले. मग म्हणाले, "चल, तुला एक गंमत दाखवतो," आणि मला नेच्यांच्या त्या खोलीत घेऊन गेले. आत हिरवा अंधार होता, वरून पाणी ठिबकत होतं. फुलं नसलेली, नुसत्या झालरीसारख्या पानांची ती झाडं मी पहिल्यांदाच इतकी जवळून बघत होते. एका पानाच्या पाठीवरचे तपकिरी ठिपके दाखवत साहेब म्हणाले, "तुमच्या शेजारच्या काकूंना काय होतंय गं?"

"काही नाही. सकाळी गच्चीत पापड वाळत घालत होत्या."

"अस्सं. मग दादा का नाही आला?"

"त्याला सभेचं काम आहे."

मला अजून आठवतं, तिथे मला थांबता आलं असतं. साहेबांनी पुढे काही विचारलंच नाही. ते नुसते कौतुकाने माझ्याकडे बघत राहिले, आणि मीच म्हणाले, "पत्रकं तो टाइप करतो. ऑफिसातल्याच मशीनवर, सगळे घरी गेले की. आणि वाटायला मी जाते."

"तू? एवढीशी? वा." त्यांनी माळ्याला हाक मारून एक लहानशी कुंडी माझ्या हातात दिली, तिच्यात एक नाजूक नेचा. "शहाणी मुलगी आहेस. खिडकीत ठेव, पण ऊन लागू देऊ नकोस."

ती कुंडी बघून तुमचा चेहरा कसा झाला, ते मी लिहू शकत नाही. "काय विचारलं त्यांनी?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "शाळेचं." ट्राममध्ये वरच्या मजल्यावर तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, कुंडी गिरगाव येईपर्यंत माझ्या मांडीवर.

बुधवारी दादा ऑफिसातून परत आला नाही. गुरुवारी सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना, पोलीस चाळीत आले आणि त्याच्या खोलीतला प्रत्येक डबा त्यांनी उपडा केला. तांदळाच्या डब्यामागे पत्रकांचा गठ्ठा आणि कार्बनचे कागद निघाले. गॅलरीत सगळी चाळ उभी होती. पोलीस गेल्यावर काकू आपल्या दारात आल्या. केस सुटलेले, हाताला तांदळाची पूड. त्यांची नजर आपल्या खिडकीतल्या कुंडीवर गेली आणि तिथेच राहिली. "भाऊ," त्या तुम्हाला म्हणाल्या, "माझ्या झिलाचा नाव तुमीच सांगलास ना?"

तुम्ही खाली बघितलंत. नाही म्हणाला नाहीत.

त्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेला नाहीत. दुपारी आई खाली गेलेली असताना तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. स्टोव्हवर भात शिजत होता. "मला खरं सांग," एवढंच म्हणालात. मी नुसती भाताच्या वाफेकडे बघत राहिले. तुम्हाला जे कळायचं ते कळलं. तुम्ही स्टोव्ह बारीक केलात आणि म्हणालात, "ठीक आहे. हे आता कुणाला सांगायचं नाही. आईलाही नाही. तुला अजून या चाळीत मोठं व्हायचंय. माझं काय, माझं झालं जगून." तुम्ही तेव्हा बेचाळीस वर्षांचे होता, अण्णा. आज माझा मुलगा त्या वयाला आलाय.

त्यानंतर जे झालं ते तुम्ही भोगलंत, मी बघितलं. आईला हळदीकुंकवाची बोलावणी यायची थांबली. तुम्ही जिन्यातून चढलात की उतरणारी माणसं भिंतीकडे तोंड करायची. एका सकाळी कुंडीत एक घडी केलेला कागद खोचलेला सापडला, त्यावर एकच शब्द होता, फितूर. तुम्ही तो वाचलात, खिशात ठेवलात, आणि नेच्याला पाणी घातलंत. पावसाळ्याआधी काकू गेल्या. दादा अजून तुरुंगातच होता. तुम्ही खांदा द्यायला पुढे झालात तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी तुमचा हात धरून बाजूला केला. तुम्ही तसेच मागून, वीस पावलांच्या अंतराने, सोनापूरच्या स्मशानापर्यंत चालत गेलात. मी गॅलरीतून बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी कठडा धरून उभी राहिले.

दादा सुटून आला तेव्हा लोकांनी त्याला हार घातले. तो दादरला कुठल्याशा छापखान्यात लागला आणि खोली सोडून गेला. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. चाळीला दिव्यांच्या माळा लागल्या, पेढ्यांचं ताट दारोदार फिरलं आणि आपल्या दारावरून पुढे गेलं. तुम्ही आत पेपर वाचत बसला होता. मला म्हणालात, "जा की खाली. तूही पत्रकं वाटलीस ना." मी गेले. अण्णा, मी तो पेढा खाल्ला.

गेल्या महिन्यात बंगल्यातून बाहेर पडले तेव्हा मी घरी जायला निघाले होते, पण गेले दादरला. दादाचा पत्ता माझ्याकडे किती वर्षं होता. सुनेने दार उघडलं. तो खिडकीशी बसला होता, वाळून गेलेला, पण डोळे तेच. लहानपणी त्याला अरेतुरे करायची, त्या दिवशी तोंडून अहो निघालं. मी सगळं सांगितलं, तळं, नेचे, पापड, सगळं. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"सुटून आल्यावर तुझे अण्णा मला जिन्यात भेटले होते," तो म्हणाला. "हात जोडले त्यांनी. मी थुंकलो."

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं."

"त्यांना माहीत होतं ना, मला माहीत नाही ते. तरी उभे राहिले." त्याचा आवाज चढला, सून आतून डोकावली. "पन्नास वर्षं गप्प राहिलीस आणि आज येऊन सांगतेस. तू मोकळी झालीस. आता मी कोणाच्या पाया पडू? आई गेली ती त्यांना शिव्या देत गेली. जा तू. जा आता."

मी उठले. दाराशी चपला घालत होते तेव्हा आतून तोच पुन्हा म्हणाला, पण आता हळू, "त्यांचा एखादा फोटो असेल तर आणून दे."

तुमचा चांगला फोटो एकच आहे, कोटातला. तो मी त्याच संध्याकाळी भिंतीवरून काढला, काच पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते असंच वहीत राहील. पण फोटो तरी पोहोचवायला हवा होता. आज चौथा आठवडा आहे आणि तो अजून दाराजवळच्या खुर्चीवर पडून आहे. मला पुन्हा तिथे जायची भीती वाटते, अण्णा. घरात विचारतात, तर मी सांगते की फ्रेम दुरुस्तीला द्यायची आहे.