चष्म्यासंबंधी व्याह्यांना खुलासा

वडनेर भोलजी,
चैत्र वद्य सप्तमी

श्रीयुत उकंडराव व्याहीबुवा, मुक्काम पिंपळगाव राजा, यांच्या सेवेशी शेषरावाचा दोन्ही हात जोडून राम राम. इकडे आम्ही खुशाल आहोत. तिकडे तुमची तब्येत चांगली असेल, सौ. शालूबाई विहीणबाईंचे गुडघे उन्हामुळे जरा मोकळे झाले असतील (थंडीत फार त्रास देतात, हे योगिनीकडून कळलं होतं), जावईबापू हर्षलराव कामात गुंतलेले असतील आणि आमची योगिनी तुमच्या घरात आवाज चढवत नसेल, अशी आशा करतो. चढवत असेल तर तो तिच्या आईकडून आलेला आहे, माझा त्यात हात नाही. पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. आजकाल कुणी पत्र लिहीत नाही हे मलाही ठाऊक आहे. पाकीट मागितलं तर पोस्टातल्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग दोन कप्पे उघडले. पण तुम्ही गेले अकरा दिवस माझा फोन उचलत नाही. अक्षय्य तृतीयेची अखजी तोंडावर आली, लेकीला माहेरी आणायचं आहे, आणि तिच्या सासऱ्यांशी आमचं बोलणं बंद, असं आमच्या घरात आजवर झालेलं नाही. अन्नपूर्णा तर माझ्याशीही बोलत नाही (म्हणजे वाढलंय एवढं सांगते). म्हणून हा खुलासा. सगळा दोष एका काळ्या चष्म्याचा आहे. माझा आहे तो थोडा, आणि तो मध्ये मध्ये येईलच.

मुळापासून सांगतो. आमची भाजी नांदुऱ्याच्या बाजारात जाते हे तुम्ही जाणता. आता नांदुरा आमच्या उगवतीला आणि आम्ही नांदुऱ्याच्या मावळतीला. सकाळी गाडी भरून निघालो की सूर्य समोर. दिवसभर ओट्यावर बसून संध्याकाळी मोकळी गाडी घेऊन परत फिरलो की तोच पुन्हा समोर. ज्या कुणी ही गावं वसवली त्यांनी भाजीवाल्याचा काही विचार केला नाही. (तुमचं बरं आहे, पिंपळगावाहून नांदुऱ्याला येताना ऊन फक्त कानशिलावर येतं.) इतकी वर्षं मी डोळे बारीक करून निभावलं. यंदा मात्र ते ऊन डोळ्यांत घुसून आत पसरायलाच लागलं. फाल्गुनात एका संध्याकाळी घराच्या वळणावर समोर नुसता पांढरा उजेड दिसला आणि गाडी शेजारच्या बनाबाईंच्या कडब्याच्या गंजीत अर्धी आत गेली. गाडीला काही झालं नाही, गंजीलाही नाही. पण गंजीच्या पलीकडे बनाबाई स्वतः बसल्या होत्या, आणि त्यांना काही न झाल्यामुळे त्यांना ही हकीकत गावभर सांगता आली. त्याच रात्री अन्नपूर्णेने गाडीची चावी काढून घेतली. "चांगला चष्मा डोयावर दिसल्याबिगर चाबी मागू नका," एवढंच म्हणाली आणि चावी तांदळाच्या डब्यात टाकली. डबा मोठा आहे, मी हात घालून पाहिला.

मग मी हायवेवर झाडाखाली पाटावर चष्मे मांडून बसणाऱ्या एका माणसाकडून चष्मा घेतला. चष्म्यातलं मला काय कळतं? जेवढा काळा तेवढा चांगला, एवढीच माझी समज. त्याला म्हटलं, तुझ्याजवळचा सगळ्यात काळा काढ. त्याने जो काढला तो घातल्यावर भर दुपारी मला दिवा लावावासा वाटला. सूर्य दिसेनासा झाला, हे खरं. पण त्याच्याबरोबर रस्ता, खड्डे आणि माणसंही गेली. तरी चावी मिळाली, म्हणून मी खूश होतो.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. काळा चष्मा दोघेच घालतात, एक नवरदेव आणि दुसरा मोतीबिंदू काढलेला म्हातारा. माझ्याकडे पाहून कुणालाही नवरदेव आठवला नाही. पहिल्या बनाबाईच आल्या, डझनभर केळी घेऊन. दारातूनच म्हणाल्या, "कोन्ता डोया काढला, भाऊ?" मी सांगितलं की डोळा काढला नाही, उन्हासाठी चष्मा आहे. त्यावर त्या खाली बसल्या आणि मला धीर देत म्हणाल्या, "लपवता काऊन? समद्याईलेच होते." संध्याकाळपर्यंत सहा घरं येऊन गेली. सहाही जणांना मी समजावलं की ऑपरेशन झालेलं नाही. सातव्याने मला जास्त बोलू नका, टाक्यांवर ताण येतो असं सांगितलं. त्यानंतर मात्र मी समजावणं सोडून दिलं, आणि हा माझा पहिला दोष. प्रेमाने आणलेली केळी परत करणं बरं दिसत नाही. शिवाय दोन दिवस कुणी मला कामाला हात लावू दिला नाही, एकाने तर माझ्या मिरच्यांना पाणीही देऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं की आता कसं वाटतं, तर माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं की कालच्यापेक्षा बरं आहे.

ही बातमी खामगावच्या बाजारात तुम्हाला परक्या माणसाकडून कळली. चार लोकांत त्याने तुम्हाला विचारलं की व्याह्यांचा डोळा कसा आहे, आणि तुम्हाला काही माहीतच नव्हतं. हे मला मागाहून कळलं. व्याह्याचं ऑपरेशन व्हावं आणि व्याह्याला निरोप नसावा, याहून मोठा अपमान आपल्या माणसांत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही फोन उचलला नसता. पण तुम्ही मोठ्या मनाचे. राग गिळून, विहीणबाईंना घेऊन, मोसंब्यांची पिशवी घेऊन एसटीने आलात आणि हायवेवर आमच्या गावाच्या वळणाशी उतरलात. आणि पुढचं लिहायला हात धजत नाही, पण खुलासा म्हटला की सगळं आलंच. त्याच वेळी मी गाडी घेऊन तिथून निघालो होतो. काळ्या काचेतून मला रस्त्याच्या कडेला दोन आकार दिसले, एक उंच आणि एक पिशवीवाला. उंच आकाराने हात वर केला. मला वाटलं नांदुऱ्याला जाणारे पॅसेंजर आहेत. मी हॉर्न दिला, जागा नाही अशी हाताने खूण केली आणि निघून गेलो. व्याहीबुवा, भाजीच्या गाडीत जागा नसते, एवढंच त्या खुणेत होतं. आमच्या घरात तुमची जागा कोणती, ते तुम्ही लग्नात पाहिलंच आहे.

संध्याकाळी वळणावरच्या चहाच्या हॉटेलवाल्याने, तुम्ही परत फिरताना त्याच्याकडे ठेवलेली मोसंब्यांची पिशवी घरी आणून दिली. सोबत तुमचा निरोपही त्याने शब्दाला शब्द दिला, "ज्याले इवाई दिसत नाही, त्याचा डोया दुरुस्त झाला नाही म्हणा." अन्नपूर्णेने तो निरोप दोनदा सांगायला लावला. मग मोसंब्या देवापाशी ठेवल्या, काळा चष्मा चुलीत घातला आणि चावी परत डब्यात गेली.

दुसरा चष्मा मी मलकापूरला एका पाहुण्याच्या सल्ल्याने घेतला, तांबूस काचेचा. तो फारच सुखाचा होता. घातला की सगळं जग कसं पिकल्यासारखं दिसायचं. हा चष्मा रोज वापरायलाही चांगला म्हणून मी तो घालूनच टोमॅटोच्या वावरात शिरलो, आणि माल इतका लालबुंद दिसला की एकट्याने पाच क्रेट तोडून काढले. ओट्यावर एका म्हातारीने एक टोमॅटो उचलला, दाबून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, हे टमाटे हायेत का पेरू?" मी चष्मा काढला तर पाचही क्रेट हिरवेगार. ते अजून आमच्या ओसरीत वर्तमानपत्राखाली पिकत पडले आहेत. चटणी, भाजी, कोशिंबीर, सगळं त्याचंच चाललंय.

शेवटी अन्नपूर्णा स्वतः मला घेऊन खामगावला प्रेमानंद चष्मेवाल्याकडे गेली. (जाताना एसटीने. गाडीत बसायला तिने साफ नकार दिला.) हा प्रेमानंद मोठा जाणता माणूस निघाला. तो म्हणाला, काका, काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. काळ्या काचेआड डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच साधी असली तर वाईट किरण जास्तच आत जातात. गाडीसाठी राखाडी काच घ्यावी, तिच्यात लाल ते लाल आणि हिरवं ते हिरवं दिसतं (इथे अन्नपूर्णेने माझ्याकडे पाहिलं). डांबरावरची आणि बॉनेटवरची चकाकी मारायची तर पोलराइज्ड घ्यावी. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा रोजच्या वापराला ठीक, पण गाडीत समोरची काचच ते किरण अडवते, त्यामुळे आत बसलं की तो बहुधा पांढराच राहतो. बाजूने ऊन येऊ नये इतकी फ्रेम रुंद हवी, आणि नंबर असेल तर तो त्याच काचेत करून घ्यावा. मी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि एक सोनेरी काडीची फ्रेम उचलली. "हा घालून कोनाच्या वरातीत नाचता?" अन्नपूर्णेने विचारलं. मी ठेवून दिली. तिने निवडलेली फ्रेम तपकिरी, मजबूत आणि हेडमास्तरांसारखी आहे, आणि खरं सांगतो, मला शोभते.

नंबर काढताना प्रेमानंदाने उजवा डोळा दोनदा तपासला होता. म्हणाला, चष्मा न्यायला याल तेव्हा वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना एकदा डोळे दाखवून जा. परवा मी एकटा जाऊन चष्मा घेऊन आलो, डॉक्टरांनाही दाखवलं, त्यात विशेष लिहिण्यासारखं काही नाही. चष्मा मात्र काय सांगू! रस्ता थंड दिसतो, झाडाचं पान न् पान वेगळं दिसतं, आणि तो समोरचा सूर्य आता नुसता ओळखीच्या माणसासारखा उभा असतो. चावी माझ्या खिशात आहे. सावध राहावं म्हणून रस्त्याच्या कडेला जो उभा दिसेल त्याला मी गाडी हळू करून राम राम घालतो. काल एका बुजगावण्यालाही घातला. गेला तर एक राम राम जाईल, पण व्याही पुन्हा चुकायला नको. तुम्हीही मोटारसायकलवर फिरता, असाच राखाडी चष्मा करून घ्या. फक्त आधी गावात दवंडी द्या.

तर असा प्रकार आहे. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, हर्षलराव आणि योगिनीला आशीर्वाद. राग जितका शिल्लक असेल तितका सोडावा, आणि लोभ लग्नात होता तितका ठेवावा.

आपला,
शेषराव

ता. क. योगिनीला अखजीला पाठवावं ही विनंती. निंबाला झोका बांधून झाला आहे आणि अन्नपूर्णा रोज एकदा त्याची दोरी ओढून पाहते. न्यायला मी स्वतः येईन. तुम्ही दारात उभे राहा, मी हॉर्न देणार नाही.

ता. क. मोसंब्या गोड होत्या. कळवायचं राहिलं.

ता. क. वर डॉक्टरांबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही असं लिहिलं, ते खरं नाही. पाकीट चिकटवण्याआधी लिहितो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. ते ऊन आत पसरायचं ते त्याच्यामुळेच. चष्म्याने बरं वाटतं, पण काढावा लागेल. अखजीनंतरच्या पहिल्या सोमवारी खामगावला तारीख दिली आहे. घाबरण्यासारखं काही नाही म्हणतात, पण मी थोडा घाबरलो आहे. आता खरं ऑपरेशन झाल्यावर गावातून कुणी येणार नाही, सगळे आधीच भेटून गेलेत. तिथे एक फॉर्म होता, त्यात सोबत येणाऱ्या नातेवाइकाचं नाव विचारलं होतं. मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव लिहून आलो आहे. आणि योगिनी चार दिवस जास्त राहिली तर डोळ्यात थेंब टाकायला तिचा हात हलका आहे.

ही गोष्ट मी अजून कुणालाही सांगितलेली नाही, बनाबाईंना नाही आणि अन्नपूर्णेलाही नाही. या वेळी पहिलं तुम्हालाच कळवायचं ठरवलं आहे. पत्र पोचलं की नुसता एक मिस कॉल द्या, म्हणजे मी घरात सांगायला मोकळा होईन.