स्वल्पविरामाची डॉक्टर

तीर्थरूप काकांना,

तुमच्या पुतणीचा घाबराघुबरा पण साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? काकूंचा खोकला थांबला का? डॉक्टरकी सोडून दवाखाना बंद केल्यापासून तुम्ही दिवसभर घरातल्या घड्याळांना किल्ल्या देत फिरता, असं काकू फोनवर म्हणाल्या. घड्याळं सुखरूप आहेत ना? इकडे आम्ही सगळे मजेत. (ही ओळ रिवाज म्हणून लिहिली. मी मजेत नाही. मला धक्का बसला आहे, आणि तो बसलाय तो बसलाच, उठायचं नाव घेत नाही.)

तुम्हाला ठाऊकच आहे, जुन्या छापील पुस्तकांतल्या स्वल्पविरामावर प्रबंध लिहून मी डॉक्टर झाले. माझ्याहून जास्त आनंद सासऱ्यांना झाला. नव्या घराचं दार अजून रंगायचं होतं, त्याआधी पितळी पाटी येऊन पडली. तीत माझं नाव मुंगीएवढं आणि 'डॉ.' एवढा दांडगा, की लांबून बघणाऱ्याला ते आमचं आडनावच वाटावं. मी म्हटलं, अहो, ही पदवी कॉलेजात शोभते, पुस्तकावर शोभते, दारावर कशाला? ते दुखावले. सुनेनं एवढं शिकायचं आणि शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? पाटी दारावर चढली. (पितळाशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?)

दुसऱ्याच सकाळी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आले, उंबऱ्यातच उभे राहिले आणि त्यांनी जीभ बाहेर काढली. काका, एक प्रौढ, चष्मा लावलेला गृहस्थ, ओळख ना देख, आणि भल्या सकाळी मला वेडावून दाखवतोय! मी दार लावूनच घेणार होते, तेवढ्यात त्यांनी 'आ' केला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घाईघाईनं सांगितलं की मी औषधाची डॉक्टर नाही, मी स्वल्पविरामाची डॉक्टर. त्यांनी जीभ आत घेतली, थोडा विचार केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे मधेच क्षणभर थांबतं, तेच ना? माझ्या मेव्हण्याला होता. पुढे त्याचा पूर्णविरामच झाला."

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की पहिल्या मजल्यावर हृदयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई राहायला आल्यात, पण स्वभाव असा विनम्र की विचारलं तर नाहीच म्हणतात. मी जों जों नाही म्हणे तों तों माझा विनय वाढत जाई. जिन्यात माणसं बाह्या सरसावून उभी राहू लागली. एका आजोबांनी तर खिडकीच्या उजेडात आपल्या फुप्फुसांचा फोटो धरला आणि 'कशी आहेत?' म्हणून असं विचारलं, जसं काही नातवंडांचाच फोटो आहे. मी 'छान आहेत' म्हटलं. काय करणार?

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या आठवड्यात एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू धावत आल्या आणि माझा हात धरून मला ओढतच वर घेऊन गेल्या. शिंपीकाका मशीनपाशी बसलेले, चेहरा राखेसारखा, सदरा घामानं चिंब. पॅन्टची एक तंगडी शिवून झालेली, दुसरी हातात. म्हणे, गॅस आहे. सकाळपासून काकू दवाखान्यात चला म्हणून गयावया करत होत्या आणि हे आधी पॅन्ट पुरी करतो म्हणत होते. जमलेले सगळे शेजारी माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडून सांगितलं, अहो, मी तसली डॉक्टर नाही! काकू म्हणाल्या, "नसा हो, नाडी तर बघा!" मी मनगट धरलं. त्यांची नाडी सापडेना आणि माझी कानात वाजायला लागलेली. काका, मी इतकी घाबरले, इतकी घाबरले, की वर्गात ओरडते तशी ओरडले, "ती पॅन्ट खाली ठेवा! उठा! आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात!" आणि तो हट्टी माणूस निमूटपणे उठला.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हृदयाची शीर तुंबलीये, ताबडतोब मोकळी करायला हवी म्हणाल्या. पण शिंपीकाका सही करीनात. आमच्या डॉक्टरांना विचारा, म्हणे. बाई माझ्याकडे वळून आदरानं विचारतात, "डॉक्टर, तुमचं काय मत?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. दारूच्या गुत्त्यात सापडल्यासारखी कबुली दिली, "मी स्वल्पविरामाची." मग मीच शिंपीकाकांच्या उशाशी गेले आणि हात जोडून सांगितलं, की काका, मला औषधातलं ओ की ठो कळत नाही, तुम्ही या बाईंचं ऐका, माझ्यावर विसंबू नका.

तर शिंपीकाका काय म्हणाले असतील? हळूच म्हणाले, "ठाऊक आहे मला. तुमच्या सासऱ्यांचा सदरा शिवताना त्यांनी सगळा स्वल्पविराम सांगितला."

"मग माझं ऐकलंत कसं?"

"बायकोचं ऐकलं असतं, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. तुमचं एकदाच." असं म्हणून त्यांनी सही केली.

माणूस वाचला, काका. काल घरी आले. मी दारात उभी राहून मनसोक्त रडले आणि तडक रंगाऱ्याला बोलावून पाटीखाली ठळक लिहून घेतलं, 'औषधांच्या डॉक्टर नव्हेत.' आज सकाळी दार उघडते तो जिन्यात रांग! सेक्रेटरी पुढे उभे राहून सगळ्यांना सांगताहेत, बघा, बाई औषध देत नाहीत, नुसत्या बोलून बरं करतात.

काकूंना नमस्कार. घड्याळांनाही.

तुमची,
हतबुद्ध पुतणी

ता. क. : आमच्या इथली एक खोली रिकामी आहे, हवा चांगली येते. तुम्ही दोघं कायमचेच राहायला या. तपासा तुम्ही, ओरडते मी.

ता. क. २ : मी पाटी काढायला निघाले होते, पण सासऱ्यांनी जेवण सोडण्याची धमकी दिली, आणि खरं सांगायचं तर पितळ आता दाराला शोभायला लागलंय. तुमचं नाव खाली घालू. फक्त एका दारावर दोन 'डॉ.' बरे दिसत नाहीत, असं सासऱ्यांचं मत पडलं. तेव्हा तुमच्या नावामागे नुसतं 'श्री.' चालेल ना? राग मानू नये.