लिओन मातिबाग यांच्या फोटोखालचा शब्द

मी, अहिल्या मोहन निगडे, वय ७२, मूळ गाव सासवड, हल्ली राहणार ॲन आर्बर, मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मुलाने मागितला तर दाखवावा.

१. माझे राहते घर मुलगा शार्दूल, राहणार अर्विंग, याला द्यावे. त्याच्यावर माझा एक राग आहे, तो पुढे येईल. घराशी त्याचा संबंध नाही.

२. ग्रंथालयात जुनी पुस्तके दुरुस्त करण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. शेजारी लूझ मातिबाग राहत असे. फिलिपिन्सहून आलेली नर्स, माझ्याच वयाची. २००३ साली आम्ही दोघी गावातले एक छोटे संग्रहालय बघायला गेलो. एका फोटोत लांब केसांचा तरुण बेड्या घालून उभा होता. खाली टाइप केलेले कार्ड: ‘पकडलेला बँडिट, १९०६’. डाव्या कानाची तुटकी पाळी बघून लूझ म्हणाली, “हे माझे आजोबा, लिओन.”

घरी तिला एवढेच ठाऊक होते की आजोबा तरुणपणी दहा वर्षे मनिलात नोकरीला होते. ती नोकरी म्हणजे तुरुंग होता, हे आम्ही नंतर कागदपत्रांतून शोधले. लिओन हे माकारिओ साकाय यांचे सैनिक. साकाय फिलिपिन्सच्या स्वातंत्र्यासाठी आधी स्पेनशी लढले, मग देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकेशी. अमेरिकी सरकारने माफीच्या आश्वासनावर त्यांना शरण आणले, मेजवानीत पकडले आणि १९०७ साली दरोडेखोर म्हणून फाशी दिले. लूझच्या शाळेतही इंग्रजी पुस्तकातून साकाय दरोडेखोर होते असेच शिकवत. अकरा वर्षांची असताना तिने तो धडा आजोबांसमोर घडाघडा म्हणून दाखवला होता.

“मग आजोबा काय म्हणाले?” मी विचारले.

“म्हणाले, ‘बँडिट’मधला शेवटचा उच्चार नीट कर. त्यांचं इंग्रजी फार चांगलं होतं. कुठे शिकले, ते आज कळलं.”

मला नवल वाटले नाही. सासवडच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला उमाजी नाईक ४६ साली दरोडेखोर म्हणून शिकवले आणि ४८ साली क्रांतिवीर म्हणून. छडी तीच होती. दोन्ही वर्षी मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

३. लूझने संग्रहालयाला अकरा पत्रे लिहिली. दर वेळी अत्यंत सभ्य उत्तर आले: मूळ कार्ड हाच इतिहास आहे, त्यात बदल करता येत नाही. २००६ च्या जानेवारीत लूझ गेली. बारावे पत्र तिच्या टेबलावर अर्धे राहिले होते.

४. त्याच वर्षी शार्दूलची मुलगी इशिता हिला शाळेत निबंध आला: ‘अमेरिकेने फिलिपिन्सला काय दिले?’ तिने मला फोनवर विचारून विचारून लिओनवर लिहिला. शार्दूल म्हणाला, “आई, टीचरला जे हवंय ते लिहू दे ना तिला. ग्रेड कॉलेजसाठी काउंट होते.” इशिताने शाळा, रस्ते आणि देवीची लस यांवर लिहून ए मिळवला. “आजी, इट्स जस्ट होमवर्क,” ती म्हणाली. पण पहिला निबंध तिने फाडला नाही, मला पाठवला. माझा राग तो हा. शार्दूलने फार मनावर घेऊ नये. गुणांचा मोह आमच्या घरात माझ्याकडूनच आला आहे. तो निबंध मी कापडी पुठ्ठ्यात बांधला आहे. तो आणि माझी सर्व हत्यारे इशिताला द्यावीत.

५. या मार्चमध्ये संग्रहालयाने तेच कार्ड कोपरा फाटला म्हणून माझ्याकडे दुरुस्तीला पाठवले. कोपरा मी जोडला. मग ‘बँडिट’वर जुन्या टाइपरायटरने इंग्रजीत टाइप केलेली बारीक पट्टी चिकटवली: ‘क्रांतिकारक’. खळ गव्हाची आहे, ओल्या कापसाने निघते. खालचा शब्द सुखरूप आहे. याला सात महिने झाले. शाळेची मुले दर आठवड्याला येऊन कार्डावरचा मजकूर वहीत उतरवून घेतात. संचालकांनी माझ्या कामाची सफाई वाखाणणारे पत्र पाठवले, ते सोबत जोडले आहे.

६. माझे वकील राजेश देव यांनी कलम पाच गाळायचा सल्ला दिला. “काकू, ही सरळ कबुली आहे. म्युझियम क्लेम करू शकतं, घरावरसुद्धा.”

“करू दे की,” मी म्हटले. “त्यासाठी तिथल्या एका तरी मोठ्या माणसाला ते कार्ड वाचावं लागेल.”

कलम पाच ठेवले आहे.

हे सर्व माझ्या हाताने लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले आणि सही केली.

अहिल्या मोहन निगडे

साक्षीदार:
१. विनीता केळुसकर, शेजारी
२. प्रसन्न वाघोलीकर, संशोधक विद्यार्थी

ॲन आर्बर, मिशिगन
१९ ऑक्टोबर २००७