कोल्ह्याची हरकत नाही

३ ऑगस्ट, सकाळी ७
दर्शनाला पाचवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे कोपरला, हे धरूनच चाललो होतो. काल फोनवर म्हणाली, बाबा, माझी डॉक्टर बाळकुमची, कळा सुरू झाल्यावर पुलावर दोन तास अडकून बसायचं का? ट्रॅफिक गेलं तर येते, नाहीतर आईलाच इकडे पाठवा. मागून जावई सम्यक हो-हो करत होता. म्हणजे शकूने तिकडे जायचं आणि मी इथे एकट्याने खिचडी टाकायची.

मुलीचं काही चुकत नाही. पुलाचं चुकतं. खाडीपुलाच्या कोपरकडच्या तोंडाशी एक जादा लेन झाली की जॅम संपला. काम दोन महिन्यांचं. मशीन येऊन ताडपत्री पांघरून उभं आहे. कडेची थोडी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडावी लागतात, त्यासाठी पर्यावरणाची परवानगी हवी. ती अडकली आहे. सरकारी खात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म काढला, फाईल कशी हलते ते मला कोणी शिकवू नये.
संकल्प: दिवाळीपर्यंत लेन.

५ ऑगस्ट
मागची खोली रंगवायला काढली. पिवळा. माळ्यावरून दर्शनाचा लाकडी पाळणा उतरवला. शेजारचा आनंदा हात द्यायला आला. मूळचा इथलाच, जन्म खाडीत मासे धरण्यात गेला. म्हणाला, तुझी पोर तर येत नाय बोलते. त्याला प्लॅनिंग कळत नाही.

१२ ऑगस्ट
‘कोपर पूल जलद मंजुरी मंच’ स्थापन केला. अध्यक्ष मी. ग्रुपवर बरेच जण ॲड केले, संध्याकाळपर्यंत सहा उरले. दर्जेदार माणसं उरली. सोडून गेलेल्यांत दर्शना आहे. चुकून बटण दाबलं गेलं असणार.

२ सप्टेंबर
पर्यावरणाच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथला साहेब म्हणाला, काका, वीस तारखेला जनसुनावणी आहे, कोणाची हरकत आली नाही तर महिन्याभरात मंजुरी. मी विचारलं, मी काय करू? म्हणाला, तुम्ही काही करू नका, एवढंच करा.
घाबरलेत. मंचाचं नाव पोचलेलं दिसतं.

१८ सप्टेंबर, दुपार
सुनावणीच्या समितीला पाठिंब्याचं पत्र लिहिलं. नुसता पाठिंबा फिका वाटला. आम्ही निसर्गाचे शत्रू नाही हेही कळलं पाहिजे. म्हणून शेवटी लिहिलं: ‘पुलालगतच्या या तिवरांमध्ये मी स्वतः कोल्हा पाहिला आहे. प्रस्तावित लेनला त्याचीही काही हरकत असेल असे वाटत नाही.’
वाक्य जमलंय. कोल्हा तसा आनंदाच्या आज्याने पाहिलेला. पण आनंदा मला सांगतो ते मी पाहिल्यासारखंच आहे. खाली ‘अध्यक्ष’ म्हणून झोकदार सही ठोकली. शकू म्हणाली, ही सही आहे की शेवाळं?

१९ सप्टेंबर
सकाळी पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, खोकला आला. हवा बदलतेय.

२० सप्टेंबर
जनसुनावणी झकास. हरकत एकही नाही. लोक नाश्त्याचा खोका घेऊन आत समोसा आहे की वडा ते बघत होते. तेवढ्यात माझं पत्र वाचलं गेलं. समितीतल्या बाई पेंगत होत्या, त्या ताठ बसल्या. परत वाचा म्हणाल्या. इतर कोणाचं पत्र दोनदा वाचलं नाही.

६ ऑक्टोबर
निर्णय आला. ‘एका जागरूक नागरिकाने’ कोल्हा पाहिल्याचे कळवल्यामुळे तिवरांतल्या वन्यजीवांचा अभ्यास होणार, मंजुरी त्यानंतर. अभ्यास दोन सीझनचा.
जागरूक नागरिक. सरकारी कागदावर. कागदाचा फोटो मंचाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर आता मी आणि आनंदा. तो म्हणाला, कोला हाय का नाय, तुला रं कशाला नसती पंचाईत? शकूने खोलीचं दार लावून घेतलं.
संकल्प: अभ्यास लवकर करा असं पत्र.

२१ ऑक्टोबर
फराळाची चकली मऊ झाली. पुलाच्या तोंडाशी मशीन दिसलं नाही. पानवाला म्हणाला, दुसऱ्या साईटवर नेलं. सर्व्हिसिंगला नेलं असेल.

७ डिसेंबर
शकू बाळकुमला गेली. जाताना डबे दाखवले, हा रवा, हे पोहे. म्हणाली, पोरगी इथे आली असती. एवढंच. मीही म्हटलं, आलीच असती. दोघांचं म्हणणं एकच, पण ती रागात होती.
खिचडी लागली. डाळीचा दोष.

१२ जानेवारी
मुलगी झाली. दोघी सुखरूप. मला फोन केला तेव्हा बाळ न्हाऊन झोपलंसुद्धा होतं. मी लगेच निघालो. पोचलो तेव्हा भेटायची वेळ संपलेली. काचेतून कोणतं तरी एक बाळ बघितलं. छान होतं.

१५ फेब्रुवारी, रात्री
आज नामकरण. वेळ अकराची. पाळणा मी आणणार, हे सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. शकूने कबूल केलं होतं की पाळणा घेऊन वेळेवर आलात तर पुढच्या आठवड्यात बाळ-बाळंतिणीला कोपरला आणू. तासाभराचा तर प्रश्न, ट्रॅफिक बघून निघू.
टेम्पोत मागे पाळणा, पुढे मी. नऊला निघालो. पुलाच्या तोंडाशी सगळं ठप्प. जीप आडवी, अर्धा रस्ता बंद, तिवरांत कॅमेरे लावणं चाललेलं. खाली उतरून झापायला गेलो. अभ्यासाच्या टीमची सोनल नावाची मुलगी होती, उन्हाने रापलेली. हात जोडून म्हणाली, सॉरी सर, कोल्हा शोधतोय. चार महिने झाले, त्याचा एक केसही मिळाला नाही. एका गृहस्थांच्या पत्रावर सगळं चाललंय, सही वाचता येत नाही. ते भेटले आणि म्हणाले की चूक झाली, तर आजच गुंडाळू, लेनही मोकळी होईल.
म्हटलं, तो मीच.
तिने वही मिटली. इतका वेळ आम्ही तुम्हालाच शोधत होतो सर, म्हणाली. बाकीचे चौघेही जवळ आले. एकाने मला बसायला स्टूल दिलं. रिटायर झाल्यापासून मला कोणी स्टूल दिलं नव्हतं. तिने हळूच विचारलं, सर, नक्की पाहिलात का?
म्हटलं, दोन होते. एक मादी असावी.
बाळकुमला पोचलो तेव्हा एक वाजून गेलेला. त्रिसरण-पंचशील झालं, नाव ठेवून झालं, जेवणं झाली. सम्यकने कोणाकडून तरी बॅटरीवरचा पाळणा आणला होता, आपोआप हलतो. नाव काय ठेवलं ते टेम्पोवाल्यासमोर कसं विचारणार, म्हणून केकवर वाचलं. मैत्रेयी. दर्शना म्हणाली, राहू द्या बाबा, तुम्ही दमलात, जेवून घ्या. शकूला कोपरचं विचारलं नाही. तिनेही काढलं नाही.
पाळणा परत आणला. टेम्पोने जाण्यायेण्याचं भाडं लावलं.

१६ फेब्रुवारी, सकाळी ७
सोनलचा मेसेज. मादी असल्यामुळे पिल्लांचा सीझनही बघावा लागणार. एक वर्ष वाढलं. थँक यू सर.
पंचशील म्हणायला बसलो. तीन म्हटली आणि उठलो. चहाला दूध नव्हतं.