गुलाबी फितीचं पदक

३ जून, सोमवार
सापडला! गोंतार्झ नवरा-बायकोचा अर्ज. फेब्रुवारीत त्यांच्या मुलीने माझ्या हातात दिला होता आणि मी तो जन्मदाखल्यांच्या फायलीत लावून मोकळी झाले होते. लग्नाला पन्नास वर्षं झाली की राष्ट्राध्यक्षांचं पदक मिळतं, त्याचा अर्ज. चार महिने पडून! आजच वर पाठवला. साहेबांना बोलले नाही.

४ जून
पलीकडच्या टेबलावरची ग्राझिना : "पन्नास वर्षं एकच नवरा? मला तर तीन वर्षांतच शौर्यपदक द्यायला हवं होतं!" सगळे हसले. मीही.

१२ सप्टेंबर
गोंतार्झांच्या मुलीचा फोन. बाबांना कॅन्सर. "डॉक्टर नाताळपर्यंत म्हणतात. पदकाचं काय झालं हो?"
"वॉर्सोत वेळ लागतो," मी म्हटलं. किती सहज निघालं तोंडातून!
नियम डोक्यातून जात नाही. शौर्याचं पदक आपण दोनशे वर्षांहून जास्त काळ देतोय, मेलेल्यांनाही. शवपेटीपुढे उशीवर ठेवून नेतात. हे साठ सालापासूनचं, साधं, संसाराचं पदक— ते मात्र दोघंही हयात असतील तरच. एक गेला की दुसऱ्यालाही नाही. फेब्रुवारीत पाठवलं असतं तर एव्हाना छातीवर असतं.

३० ऑक्टोबर
नाही आलं.

१९ नोव्हेंबर
आलं! दोन डब्या, गुलाबी फिती. समारंभ डिसेंबरात आहे, दहा जोडपी, शॅम्पेन वगैरे. नगराध्यक्षांच्या मागेच लागले. "जा बाई, घरी जाऊन लावा," म्हणाले.

२० नोव्हेंबर
सकाळी अकराला गोंतार्झांकडे गेले. चौथा मजला, लिफ्ट नाही. ल्युडमिलाबाईंनी दार उघडलं— ठेवणीतला पोशाख, ब्रोच.
"हळू हं. आत्ताच डोळा लागलाय."
खोलीत पडदे ओढलेले, एक खिडकी मात्र उघडी. नोव्हेंबरात! झेनॉनरावांना पलंगावरच कोट चढवलेला, केस विंचरलेले. निर्णयपत्र कुजबुजत वाचलं. आधी त्यांना पदक लावलं, मग बाईंना. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.
मग स्वयंपाकघरात चहा, खसखशीचा केक. "तुम्ही धावपळ केलीत म्हणून झालं," म्हणाल्या. खरं सांगायचंच असं ठरवून तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "आणखी एक तुकडा घ्या." घेतला. भित्री!

२२ नोव्हेंबर
ल्युडमिलाबाई आल्या. काळ्या कपड्यांत, एकट्या. मृत्यूची नोंद माझ्याच टेबलावर होते. डॉक्टरांचा कागद पुढे केला. २० नोव्हेंबर, सकाळी सात.
मी वर बघितलं.
"उशीर कुणामुळे झाला, मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "आता तुम्हीही काही विचारू नका."
सात वाजता, असं लिहिलं. शिक्का मारला.